हाडं धुतल्याशिवाय

सर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी मासा खाल्ला आणि ताटाच्या कडेला तो पुन्हा जोडून ठेवला. डोकं, कणा, दोन्ही बाजूंचे काटे, शेपटी, सगळं जागच्या जागी. फक्त मांस नाही. आईला वाटलं, मासा आवडला नाही म्हणून सर नुसतं चिवडत बसलेत. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली. सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, याच्या या काट्यावर जुनी जखम आहे. लहानपणी कशानं तरी धरला होता. कशानं, ते नाही सांगता येणार. पण सुटला आणि मग मोठा झाला."

आम्ही ढिवर, मासे धरणारे. आमच्या घरात किती पिढ्या मासे खाल्ले गेले याची मोजदाद नाही. पण ताटातल्या माशालाही लहानपण असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आई नंतर कितीतरी दिवस जेवताना काटे बाजूला काढून पाहत बसायची.

अशा माणसाकडून मी एकदा हाड चोरलं. चोरीला जेमतेम दीड तास झाला असेल, तेवढ्यात ते परतही दिलं. पण त्या दीड तासाने माझं, सरांचं आणि माझ्या मामाचं पुढचं वर्ष फिरवलं.

सर भंडाऱ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्याच विभागात तासिका तत्त्वावर प्रात्यक्षिकं घ्यायला लागले. सगळं कॉलेज त्यांना हड्डी सर म्हणायचं आणि ते त्यांना माहीत होतं. मूळचे आसगावचे, धानशेतीच्या घरातले. राहायचे मात्र शहापुरात, महामार्गाला लागून असलेल्या दोन खोल्यांत, एकटेच. घरमालकिणीने एकदा गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या आणि खाली गेली. परत आली तर कुरड्यांच्या ओळीतच कुत्र्याची उकळून पांढरी केलेली कवटी उन्हाला ठेवलेली. बाईंनी आरडाओरडा केला नाही. पातेल्यात कवटी घालून ती सरांच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचा पाव्हणा वर आला होता." तेव्हापासून गच्चीच्या मध्ये खडूची रेघ आली. एका बाजूला कुरड्या, एका बाजूला हाडं. दहा वर्षं ती रेघ कोणी ओलांडली नाही.

महामार्गावर मेलेलं जनावर दिसलं की सर स्कूटर थांबवत. मी एकदा मागे बसले होते. शहापूरच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध कोल्हा पडला होता. सरांनी स्कूटर कडेला लावली, खिशातून शिवणकामाची टेप काढली आणि सरळ रस्त्यात जाऊन उकिडवे बसले. दोन्ही बाजूंनी ट्रक. मी हात हलवत मध्ये उभी. एका ट्रकने इतक्या जवळून ब्रेक मारला की जळलेल्या रबराचा वास माझ्या ओढणीत शिरला. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता आणि सर कोल्ह्याची शेपटी मोजत होते. रानातल्या जनावराला ते हात लावत नसत, फक्त टेप लावत. मोजून झालं की वनखात्याला फोन करत आणि त्यांची माणसं येईपर्यंत तिथेच थांबत. त्या दिवशी आम्ही दोन तास थांबलो.

"सर, आपण मेलो असतो," मी परतताना म्हणाले.

"हो," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण कोल्हा म्हातारा होता. ऐकायला येत नसेल त्याला." माझ्या बोलण्याला हे उत्तर होतं की नाही, मला अजून समजलेलं नाही.

दरवर्षी थंडीत एक तास ते अभ्यासक्रम बाजूला ठेवत. त्या तासाला दुसऱ्या शाखांची मुलंही येऊन मागे बसायची. विषय एकच, गुहेतलं अस्वल. हे अस्वल आपल्याकडचं नाही. ते युरोपाकडच्या डोंगरांत राहायचं आणि हजारो वर्षांपूर्वी संपलं. कुठल्याशा संग्रहालयाला वर्षभर पत्रं लिहून सरांनी त्याच्या जबड्याची प्लास्टरची प्रतिकृती मिळवली होती. ती टेबलावर ठेवून ते म्हणत, "या जनावराला आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. आता बघू, तरी आपल्याला काय काय माहीत आहे."

मग एकेक हाड बोलायला लागायचं. सुळे तर वाघाला लाजवतील एवढे, पण मागच्या दाढा रुंद आणि झिजून सपाट. म्हणजे एवढं मोठं धूड जगत होतं ते बहुतेक पाल्यावर, गवतावर, मुळांवर. हिवाळाभर ते गुहेत झोपायचं. उन्हाळ्यात ज्याला पोटभर मिळालं नाही ते झोपेतून उठायचं नाही. म्हणून गुहांमध्ये जी हाडं सापडतात ती जास्त करून पिल्लांची, म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची. काहींच्या फासळ्या मोडून पुन्हा जुळलेल्या. काहींचे जबडे सडलेले, तरी त्यानंतर ती जगलेली.

"गुहेत हाडांचा डोंगर दिसला," सर म्हणायचे, "तर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय येतं? कोणीतरी कत्तल केली. कत्तल नव्हती. एका हिवाळ्यात एक, पुढच्या हिवाळ्यात एखादं, असं हजारो वर्षं साचत गेलं. म्हणून हाडं धुतल्याशिवाय बोलायचं नाही." मुलं लिहून घ्यायला लागली की ते थांबवत. "अजून संपलं नाही. एखाद्या मणक्यात दगडी टोक रुतलेलंही सापडलं आहे. तिथे माणसानेच मारलं. ते पण सांगायचं. आपल्याला आवडत नाही म्हणून तेवढं हाड पेटीत ठेवायचं नाही."

हे वाक्य मी चार वर्षं ऐकलं होतं.

त्या वर्षी चैत्रात, सकाळी साडेसहाला मामीचा फोन आला. माझा मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, सानगडीकडच्या एका गावात तलावावर जाळं टाकून राहणारा माणूस. बोलणं कमी. मामी म्हणाली, "तुह्या मामाले काल सांजच्याला घेऊन गेले. अस्वल मारलं म्हंते. त्यायनं नाई मारलं वो, बाई. तुह्या त्या सरले इचार काई."

झालं होतं असं. तलावामागच्या टेकडीत खडकाची एक कपार आहे. एका गुराख्याने मोबाइलमध्ये मामाचा व्हिडिओ काढला. कपारीच्या तोंडाशी मामा अस्वलाची कवटी मांडीवर घेऊन बसलेला. तो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळ्या गावाच्या फोनवर होता आणि संध्याकाळी वनखात्याची गाडी आली. मामाच्या झोपडीत तारेचं भेंडोळं सापडलं. आज पाचच्या आत त्याला न्यायालयात उभं करणार होते. एकदा गुन्हा उभा राहिला की मामा किती दिवस आत राहील हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मी सरांच्या दारात पोचले तेव्हा ते दात घासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चूळ भरली.

"तुझा मामा म्हणून मी यावं, असं आहे का?"

"हो सर."

"मग एक लक्षात ठेव. हाडं जे सांगतील ते मी सांगीन. तुझ्या मामाच्या बाजूचं असलं तरी आणि नसलं तरी. चालत असेल तर चल."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

मामाच्या गावाकडचे रेंजर साहेब सरांचे जुने विद्यार्थी. कोल्ह्याचे, मसण्याउदाचे असे कितीतरी फोन त्यांनी सरांचे घेतलेले. एरवी सर त्यांना अरे-तुरे करत, त्या दिवशी गणवेशात पाहून तुम्ही म्हणाले. कार्यालयाच्या व्हरांड्यात पोत्यात हाडं होती. बाकावर मामा बसला होता, बाजूला वनरक्षक. बाहेर कडुलिंबाखाली मामी डबा मांडीवर घेऊन बसलेली. मामाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"सर, माझ्यापुढे चार गोष्टी आहेत," रेंजर साहेब म्हणाले. "झोपडीत तार. कपारीत एकही नख नाही, म्हणजे नखं काढून विकली. वरचे मधले दोन दात गायब. आणि हाडांवर सुरीचे घाव. हाडं तपासणीला नागपूरला जातीलच, पण तिकडून उत्तर यायला महिने लागतात. मला आज पाचला ठरवायचं आहे."

"तारेचं मला काही कळत नाही," सर म्हणाले. "बाकीचं बघतो. पाण्याचा ड्रम, दोन बादल्या, एक ताडपत्री. आणि ही माझ्याबरोबर धुवील."

"काका, तार कायची होती?" रेंजर साहेबांनी मामाला पुन्हा विचारलं.

"कुंपनाची," मामा म्हणाला.

दहा वाजता आम्ही धुवायला बसलो. ऊन व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलं होतं. सर जुन्या टूथब्रशने एकेक हाड घासत आणि माझ्या हातात देत. मी ते विसळून ताडपत्रीवर ठेवत होते. बारा वाजले, एक वाजला. रेंजर साहेब दर अर्ध्या तासाने येऊन उभे राहत आणि परत जात. मामी डबा उघडत नव्हती.

दीडच्या सुमारास सरांनी कवटी उचलली आणि रेंजर साहेबांना बोलावलं. "इथं बोट लावा. वरचे मधले दोन दात. खळगी लागते का? लागत नाही. दात उपटला तर खळगी राहते. आपल्या अस्वलाला हे दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली उधई, म्हणजे वाळवी, ओढून घेतं. तुम्ही पकडलेल्या कोणत्याही अस्वलाच्या तोंडात बघा."

रेंजर साहेबांनी बोट फिरवलं.

"हे सुरीचे घाव. प्रत्येक घाव जोडीने आहे, दोन दोन, सारख्या अंतराने. साळिंदराने कुरतडलं आहे. सुकलेली हाडं ते कुरतडत बसतं. आणि नखं. नख म्हणजे हाडावरची टोपी. मांस कुजलं की गळून पडते. कपारीतली माती कोणी चाळली का?"

कोणी चाळली नव्हती. दोन वनरक्षक चाळणी घेऊन मोटारसायकलवर निघाले. मामीला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तिने पहिल्यांदा डबा उघडला आणि मामाला भाकर नेऊन दिली.

मला तेव्हा श्वास घेता आला. आणि त्याच वेळी माझ्या हातात ते हाड आलं.

पुढच्या पायाचं लांब हाड, पंजाच्या जरा वरचं. सर पाणी बदलायला उठले होते, म्हणून ते मी स्वतः घासलं. चिखल निघाला आणि हाडाला सगळीकडून फिरलेली एक खाच दिसली. बांगडी रुतावी तशी. खाचेच्या दोन्ही बाजूंना हाड फुगून आलेलं. मी चार वर्षं सरांच्या हाताखाली काढली होती. ही खाच साळिंदराची नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. ती तारेच्या फासाची होती. रानडुकरांसाठी लोक धानाच्या बांधीजवळ लावतात, तसल्या.

मी मामाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. त्याने भाकर खाली ठेवली.

ते हाड मी माझ्या पिशवीत टाकलं. वर ओढणी ठेवली. हात पुसून दुसरं हाड घेतलं. मला एवढंच वाटत होतं की पाच लवकर वाजावेत.

तीनला वनरक्षक परत आले. गुटख्याच्या रिकाम्या डब्यात त्यांनी नखं आणली होती. सतरा. रेंजर साहेबांनी ती दोनदा मोजली आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "म्हणजे विक्रीचा प्रश्न मिटला," ते म्हणाले.

सरांनी तोपर्यंत ताडपत्रीवर सगळं अस्वल मांडलं होतं. उताणं, चारी पाय पसरून. ते त्याच्याभोवती एक फेरी फिरले. मग उजव्या पुढच्या पायाजवळ थांबले.

"एक हाड कमी आहे."

"पोत्यात होतं तेवढंच आणलं, सर," वनरक्षक म्हणाला.

"पंजा आहे. खांद्याकडचं हाड आहे. मधल्या दोनांपैकी एक आहे, एक नाही. साळिंदर हे उचलून नेत नाही." सर उकिडवे बसले, त्या रिकाम्या जागेजवळ. "हाड कमी असताना मी काही लिहून देणार नाही."

रेंजर साहेब म्हणाले, "सर, साडेतीन झाले. एका हाडावाचून काय अडतं? म्हातारं होऊन मेलं एवढं लिहा, मी सोडतो यांना."

"कदाचित तसंच असेल. पण मी सगळं बघितलेलं नाही."

ड्रममधून पाणी ठिबकत होतं. मामी उठून पायरीशी आली होती, तिला काही कळत नव्हतं. माझी पिशवी माझ्या पायाला लागून होती. हाड दिलं तर फास दिसेल, नाही दिलं तर सर बोलणार नाहीत. दोन्हीकडून मामा जात होता.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुताना इकडंतिकडं होतं. कोणी बाजूला ठेवलं असेल तर आणून ठेवावं. वेळ थोडा आहे."

मी पिशवीतून हाड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. रेंजर साहेब उठून उभे राहिले.

सरांनी ते उन्हात धरलं. उलटं केलं. खाचेत अंगठ्याचं नख घालून सगळीकडून फिरवलं. मला वाटतं, पाच मिनिटं गेली असतील.

"फास आहे हा, सर," रेंजर साहेब म्हणाले.

"हो. तारेचा. हाडापर्यंत गेला होता." सरांनी हाड जागेवर ठेवलं. "आता इथं वाका. खाचेच्या कडा गुळगुळीत आहेत. वर नवीन हाड चढलं आहे, जाड. हे काही दिवसांत होत नाही. तार तुटली, जखम पिकली, भरली, आणि त्यानंतर हे जनावर कितीतरी वर्षं या पायाने चाललं. लंगडत असणार, कारण डाव्या खांद्याचं हाड उजव्यापेक्षा दणकट झालं आहे. मादी आहे, कंबरेच्या हाडावरून दिसतं. दाढा हिरडीपर्यंत झिजल्या आहेत. जबड्यात इथं भोक आहे, पू वाहत होता. कण्याचे तीन मणके एकमेकांना चिकटलेत. हिला शेवटी खाताही येत नव्हतं आणि वाकताही येत नव्हतं. नेमकं वय हवं असेल तर नागपूरवाल्यांना दाताच्या मुळातल्या रेषा मोजायला सांगा. कपारीत गेली आणि मेली. कोणी मारलं नाही."

"आणि फास कोणी लावला?"

"हाडात नाव नसतं," सर म्हणाले.

पाचला दहा मिनिटं असताना रेंजर साहेबांनी मामाचा जबाब घेऊन त्याला घरी पाठवलं. मामी रडत होती. मामा जाताना सरांच्या पाया पडायला वाकला, पण सरांनी पाय मागे घेतले आणि खुर्ची ओढून अहवाल लिहायला बसले.

हाताने लिहिलेली चार पानं. शेवटचं पान त्यांनी मला वाचायला दिलं. शेवटी लिहिलं होतं की, उजव्या पुढच्या पायाचं एक हाड माझ्या सहायक शिक्षिकेने सुमारे दीड तास स्वतःजवळ लपवून ठेवलं होतं आणि नंतर स्वतःहून परत दिलं. खाली माझं पूर्ण नाव.

"हे कायले लिहिलं, सर?" माझ्या तोंडून घरचीच भाषा आली.

"घडलं ना?"

"मी परत दिलं."

"तेही लिहिलं आहे. स्वतःहून असा शब्द मुद्दाम घातला."

मी त्यांच्याबरोबर स्कूटरवर बसले नाही. एसटीने परत आले.

अहवालाची प्रत कॉलेजात आली. मला कोणी रागावलं नाही. प्राचार्यांनी चहा दिला, कसंनुसं हसले आणि पुढच्या वर्षीच्या तासिकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. सर म्हणे प्राचार्यांना जाऊन भेटले होते आणि म्हणाले होते, हिच्याइतकी हाडं धुणारी तुम्हाला मिळणार नाही. अहवालातलं वाक्य मागे घ्या, असं प्राचार्य म्हणाले तेव्हा मात्र उठून आले. हे मला शिपायाने सांगितलं. मी सरांना फोन केला नाही, त्यांचा घेतलाही नाही. मी साकोलीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. त्या माणसाने खोटं लिहू नये हे मला कळत होतं. माझं नाव न लिहिता खरं लिहिता आलं नसतं का, हे मी रोज स्वतःला विचारत होते.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मामाला हे सगळं कळलं. आईने सांगितलं असणार. एका रविवारी तो धुतलेला सदरा घालून आमच्या दारात उभा. "सरच्या घरी चाल माह्यासंगं," म्हणाला. मी नाही म्हटलं. तो ओट्यावर बसून राहिला. तासाभराने मी चप्पल घातली.

शहापूरच्या त्या खोलीत सर आम्हाला बघून उठले, खुर्चीवरच्या कवट्या काढून आम्हाला जागा केली. माझ्याशी ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मामा बसला नाही.

"सर, पोरीनं थे हाड लपवलं माह्यासाठी," तो म्हणाला. "तिचं काम गेलं. मंग मी कायले चूप राहू? थो फास माह्या होता."

सर ऐकत राहिले.

"लय वर्सं झाले. डुकरं धान खाऊन राहिले होते, म्हून तार लावली. सकाळी गेलो त तार तुटली होती. काळे केस होते अन् रगत, खडकापावतर. मी पाहाले नाई गेलो. भेव लागलं. मंग पुढच्या साली मोहाच्या दिवसांत थे दिसलं, लंगडत होतं. दर साली येयाचं. आमी मोहफुलं येचतो नं, त मी कपारीखालच्या एका झाडाले हात नाई लावला तेव्हापासून. थे त्याच्यासाठी ठेवलं. या साली फुलं तशीच पडून सडले. म्हून पाहाले गेलो."

"म्हणून कवटी मांडीवर घेतली होती," मी म्हणाले. मामाने मान हलवली.

सर खिडकीतून महामार्गाकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, जे झालं ते झालं.

"हे मले माहीत झालं," ते म्हणाले. मामाशी ते आसगावचंच बोलत होते. "आता रेंजर साहेबाले तुमी सांगता का मी सांगू?"

माझं डोकं फिरलं. मी उठले. मामाने माझा हात धरला.

"मीच सांगतो," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच त आलो. तुमी संगं या फक्त."

सर संगं गेले. मी पण गेले. रेंजर साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मामाला पुढे तीनदा बोलावणं आलं, आणि प्रत्येक वेळी मामी पुन्हा कुठल्यातरी झाडाखाली डबा घेऊन बसली. शेवटी समज देऊन त्याला सोडलं. मधल्या काळात वनरक्षकांना घेऊन मामाने आजूबाजूच्या बांध्यांवरचे लोकांनी लावलेले फास दाखवले, आणि त्यापायी गावातल्या चार घरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. सर सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून येत आणि त्यांच्याबरोबर तारा गोळा करत फिरत. मी त्यांना लांबून बघत होते.

पुढच्या चैत्रात मामीचा निरोप आला की मामा सरांना पहाटे टेकडीवर नेणार आहे, तूही ये. मी का गेले ते सांगता येत नाही. उजाडताना आम्ही तिघं तलावाच्या मातीच्या पाळीमागे, पळसाच्या आडोशाला बसलो होतो. समोर ते मोहाचं झाड, खाली फुलांचा सडा. मामा कुजबुजत म्हणाला, दुसरी एक मादी येते आजकाल, पाठीवर पिल्लू राह्यते. मग सरांना म्हणाला, "हलू नोका. तुमी त पाह्यलेच असन लय."

"नाई," सर म्हणाले. "रानात जितं अस्वल मी कधी पाह्यलं नाई."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

ती आली तेव्हा आवाज आधी आला, फुलं ओढून घेतल्याचा. मग काळा आकार, पाठीवर केसांना घट्ट धरून बसलेलं पिल्लू. आमच्यापासून फार तर पन्नास पावलं. ती खात खात झाडाभोवती फिरली. आणि सर उठले. ते उठले आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चेहरा पुढे काढून त्यांनी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. वाळका पाला वाजला.

अस्वल थांबलं. नाक वर केलं, मग मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याच्या छातीवरची पांढरी खूण मला स्पष्ट दिसली. पिल्लू पाठीवरून घसरून पायाशी आलं. मामाने सरांचा सदरा मागून मुठीत धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. पळालो तर ती येणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ती नाकातून फुसफुसत होती. वारा आमच्या तोंडावर होता, तो तसाच राहावा एवढंच मी मागत होते. सरांच्या सदऱ्याची शिवण उसवत असल्याचा आवाज मला येत होता.

मग ती खाली आली. पिल्लाला तोंडाने ढकललं. ते पुन्हा पाठीवर चढलं आणि ती टेकडीकडे निघून गेली, मागे न बघता.

मामाने मूठ सोडली. सूर्य पाळीवर येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. सरांनी खिशातून वही काढली, पेन काढलं, आणि लिहायला घेतलं. दोन शब्द लिहून थांबले.

"ती वळली तेव्हा कुठला पाय आधी टाकला?" त्यांनी विचारलं. वर्षभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"डावा पुढचा," मी म्हणाले. "पंजा आत वळवून."

"मला दिसलं नाही. मी पिल्लाकडे बघत होतो." त्यांनी वही माझ्याकडे केली. "तू लिही. आणि खाली नाव तुझं घाल."

मी वही मांडीवर घेतली. मामा फुलं वेचायची टोपली काखेत मारून दुसऱ्या झाडाकडे गेला.